गंज काढा, जखम ठेवा

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, आणि प्रकृती तितके छंद. कोणी नाणी जमवतं, कोणी काडेपेटीचे छाप जमवतं, आपल्या होस्टेलवर तर काही जण केट्या जमवतात! पण युरोपात एक जमात अशी आहे, जी दुसऱ्या महायुद्धातल्या मोडक्या रणगाड्यांचे पार्ट जमवते. इंग्लंड, पोलंड, बाल्टिक देश, रशिया अशा भागांत शेतात, दलदलीत, तळ्यात, जुन्या भंगाराच्या ढिगात आजही हे लोखंड सापडतं. कुठे पट्ट्याची एखादी कडी, कुठे चाक, कुठे झाकण, कुठे नुसताच कार्ब्युरेटर. ही मंडळी तो पार्ट घरी नेतात आणि घरामागच्या गॅरेजमध्ये, एक लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि एक व्हाइस एवढ्या भांडवलावर महिनोन्‌महिने त्याच्यामागे लागतात. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी.

मी हे पहिल्यांदा होस्टेलच्या रूमवर सांगितलं, तेव्हा माझा रूम पार्टनर म्हणाला, "एवढा वेळ असेल तर माझं ड्रॉइंग शीट पूर्ण कर ना!" त्याचंही चूक नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचं गंजकं लोखंड, ज्याचा रणगाडा पुन्हा कधी उभा राहणार नाही, ते घासून मिळतं काय? पण मला गेलं वर्षभर या विषयाने पछाडलंय आणि माझं असं मत बनलंय, की आपल्या चार वर्षांच्या सिलॅबसमध्ये जे नाही ते नेमकं या घरगुती वर्कशॉपांत आहे. मोडलेली वस्तू हातात घेऊन ती का मोडली हे ओळखणं, आणि ती दुरुस्त करताना काय पुसायचं व काय जपायचं हे ठरवणं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे. तिच्याबद्दल माझं मत शीर्षकातच सांगून टाकलंय.

आधी गंजाचं बघू.

गंज म्हणजे लोखंडाची राख नव्हे. लोखंड गंजलं की फुगतं. मूळ धातूपेक्षा गंज कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे जमिनीत पडलेल्या पार्टमध्ये बोल्ट आणि नट एकमेकांना असे आवळून बसतात की पान्याला लांब पाइप लावून जोर केला तर बोल्ट सुटत नाही, त्याचं डोकं तुटून हातात येतं. मग सुरू होतो खरा उद्योग. तेल घालून आठवडाभर ठेवायचं. नट लालभडक तापवून आट्यांवर मेणबत्तीचं मेण टेकवायचं, म्हणजे ते पातळ होऊन फटीत शोषलं जातं. तुटलेल्या स्टडवर नवा नट वेल्ड करायचा. त्या उष्णतेने स्टड सैल होतो आणि नटाला पाना लावून तो बाहेर काढता येतो. यातली एकही गोष्ट आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये नाही. पण नगरला एमआयडीसीत माझ्या मामाचं छोटं जॉबवर्कचं शेड आहे, तिथला दहावी नापास हेल्पर या तिन्ही युक्त्या डोळे मिटून करतो.

गंज उतरवायची सगळ्यात स्वस्त आणि सभ्य पद्धत म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. बारावीच्या केमिस्ट्रीत आपण ते घोकलं आणि सीईटीनंतर विसरलो! प्लॅस्टिकचा ड्रम, पाणी, त्यात थोडा धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) आणि बॅटरी चार्जर. गंजका पार्ट निगेटिव्हला, भंगारातला साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला. मी सुट्टीत मामाच्या शेडमध्ये एका जुन्या व्हाइसवर हे करून पाहिलं. रात्रभरात गंजाचा काळा चिखल सुटला आणि ब्रश मारल्यावर व्हाइसच्या अंगावरची, कधी कोणी न वाचलेली अक्षरं वर आली. मामा म्हणाला, "अरे, हे वीस वर्षं इथंच पडलंय, मला माहीत नव्हतं ह्याच्यावर काही लिहिलंय!" या पद्धतीची खुबी ही, की ती गंज खाते पण चांगलं लोखंड खात नाही. ॲसिड दोन्ही खातं. सँडब्लास्टिंग तर गंजाबरोबर कडा, खुणा, अक्षरं सगळंच घासून नेतं.

पण इथेही डोकं चालवावं लागतं. या प्रक्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ॲल्युमिनियमचा पार्ट सोड्यात टाकला तर सोडा त्यालाच खाऊ लागतो. स्प्रिंगसारखा कडक केलेला पार्ट असेल तर हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. म्हणजे ड्रममध्ये टाकण्याआधी हातातली वस्तू कोणत्या धातूची आहे, तिच्यावर कोणती उष्णता-प्रक्रिया झाली आहे, हे ओळखायलाच हवं. मटेरियल सायन्सचा पेपर इथे सुरू होतो.

या पेपरचे खरे प्रश्न रणगाड्याच्या लोखंडात फार आहेत. एक उदाहरण पट्ट्याच्या कडीचं. रशियन टी-34 च्या पट्ट्याच्या कड्या मँगनीज पोलादाच्या ओतीव असत. रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज माणसाने 1882 मध्ये शोधलेलं हे पोलाद. त्यात साधारण 12 ते 14 टक्के मँगनीज असतं आणि त्याचा स्वभाव असा, की जितकं ठोकाल, घासाल, तितका पृष्ठभाग कडक होत जातो. रणगाड्याच्या पट्ट्याला हवा तोच गुण. पण गॅरेजमधला माणूस त्याला ड्रिल लावतो तेव्हा काय होतं? बिट फिरतं, घासतं, आणि भोक पडायच्या ऐवजी ती जागाच टणक होऊन बसते. वर्क हार्डनिंगची व्याख्या आपण परीक्षेत दोन मार्कांना लिहितो. तिथे ती एक बिट जाळून कळते, आणि आयुष्यभर विसरत नाही.

दुसरं उदाहरण आगीचं, आणि ते मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. जळालेला रणगाडा लांबून धडधाकट दिसतो. चिलखत जागच्या जागी, चाकं जागच्या जागी. पण आतून तो मेलेला असतो. चिलखताच्या पोलादाला कडकपणा देण्यासाठी कारखान्यात जे क्वेंचिंग-टेंपरिंग केलेलं असतं, ते आगीत पुसलं जातं. टॉर्शन बार असेल तर त्याचा ताव जातो आणि तो खाली बसतो. टी-34 च्या 12 सिलिंडरच्या, 500 अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, त्यामुळे पेटलेल्या रणगाड्यातलं इंजिन कधी कधी नुसत्या लगद्याच्या रूपात सापडतं. युद्धातल्या दुरुस्ती तुकड्यांना हे पक्कं माहीत होतं. भोक पडलेला रणगाडा ते दुरुस्त करून परत पाठवत. पूर्ण जळालेला बहुधा सुट्या भागांसाठी नाहीतर भंगारात जाई. आपण आयर्न-कार्बन डायग्राम रंगीत पेनांनी सुबक काढतो. त्या रेषेच्या कुठल्या बाजूला माणसं वाचतात आणि कुठल्या बाजूला नाही, हे कोणी सांगितलं असतं तर कदाचित ती पाठ करावी लागली नसती.

आता जखमेचं. इथे या छंदिष्टांत दोन तट आहेत, आणि इथेच मला भांडायचंय.

पहिला तट म्हणतो, पार्ट असा करा की कारखान्यातून आज बाहेर पडल्यासारखा दिसला पाहिजे. गोळीचं भोक बुजवा, वाकलेलं सरळ करा, खड्डे वेल्डिंगने भरा, घासा, लांबी भरा, रंग मारा. फोटो काढा. आधी आणि नंतर! हे बघायला मस्त वाटतं हे मी कबूल करतो. गंजलेल्या ढेकळातून चकचकीत वस्तू निघताना पाहण्यात एक सुख आहे.

दुसरा तट म्हणतो, हातच लावू नका. जसं सापडलं तसं काचेत ठेवा. याचा तोटा असा, की जमिनीतून काढलेलं लोखंड, विशेषतः खारट जमिनीतलं, बाहेरच्या हवेत आल्यावर पूर्वीपेक्षा वेगाने गंजतं. त्यात मुरलेले क्लोराइड धुऊन काढले नाहीत, तर काचेतली वस्तू काही वर्षांत पापुद्रे सुटून पिठासारखी होते. काही न करणं म्हणजे जपणं नव्हे.

मला वाटतं, गंज आणि जखम यांत फरक केला पाहिजे. गंज हा युद्धानंतरच्या ओलाव्याचा हिशोब. तो काढा, थांबवा, तेल-मेण लावून पुन्हा येऊ देऊ नका. पण भोक, ओरखडा, वाकलेली कड, मैदानातच घाईने मारलेला वेल्डिंगचा ठिगळ, ही त्या पार्टची साक्ष आहे. ती पुसायचा अधिकार आपल्याला नाही, आपण कितीही चांगले वेल्डर असलो तरी.

साक्ष हा शब्द मी उगाच वापरत नाही. 1944 मध्ये नॉर्मंडीत ब्रिटिश सैन्याबरोबर शास्त्रज्ञांची एक छोटी तुकडी होती, नंबर 2 ऑपरेशनल रिसर्च सेक्शन. लढाई पुढे सरकली की हे लोक मागे राहिलेल्या मोडक्या रणगाड्यांपाशी जाऊन एकेक भोक तपासत. कशाने पडलं, कुठून आलं, आत जाऊन काय झालं. ऑगस्टमध्ये मॉर्टेनच्या लढाईत रॉकेट मारणाऱ्या टायफून विमानांच्या वैमानिकांनी भरपूर जर्मन रणगाडे फोडल्याचे दावे केले होते. या मंडळींनी जमिनीवर मोजलं, तर रॉकेटने फुटलेले रणगाडे दाव्यांच्या मानाने फारच थोडे निघाले. बरेचसे तर जर्मनांनी स्वतःच टाकून दिलेले. वैमानिक खोटारडे नव्हते. धूळ आणि धुरात वरून जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. पण खरं काय ते लोखंडाने सांगितलं, कारण भोकं अजून कोणी बुजवली नव्हती.

याच्या अगदी उलट चित्र बेल्टन कूपर या अमेरिकन ऑर्डनन्स अधिकाऱ्याच्या आठवणींत आहे. तो थर्ड आर्मर्ड डिव्हिजनमध्ये होता. त्याच्या हिशोबाने या एका डिव्हिजनचे 648 शर्मन रणगाडे पूर्ण नष्ट झाले, आणि आणखी 700 मार खाऊन बंद पडले, दुरुस्त झाले आणि परत लढाईत गेले. आकडा पुन्हा वाचा. नष्ट झाले त्यापेक्षा जास्त दुरुस्त झाले. म्हणजे लढाईचा अर्धा भार फिटर आणि वेल्डर लोकांनी उचलला होता. ते भोकात पोलादाचा तुकडा बसवून वेल्ड करत, आतलं सगळं धुऊन काढत आणि पांढरा रंग मारत. आधीच्या माणसांचं काय झालं हे नव्या माणसांना दिसू नये म्हणून. तेव्हा ते योग्यच होतं. उद्या त्यात बसून जायचं होतं. पण आज त्या ठिगळावर कोणी ग्राइंडर फिरवून ते सपाट करत असेल, तर तो त्या अनाम वेल्डरचं काम आणि आत बसलेल्यांची आठवण एकदमच मिटवतोय.

"मग रणगाडा चालता करायचाच नाही का?" असा प्रश्न येईल. जरूर करा. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये टायगर 131 नावाचा जर्मन रणगाडा आहे. एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात ब्रिटिश गोळे त्याला लागले, एक गोळा तोफेखाली आदळून टरेटच्या कड्यात अडकला, टरेट फिरेना, आणि आतली माणसं रणगाडा सोडून पळाली. म्युझियमने 1990 मध्ये त्याची दुरुस्ती सुरू केली आणि 2003 च्या सुमारास तो स्वतःच्या पायांवर, म्हणजे पट्ट्यांवर, चालू लागला. त्याचं मूळ इंजिन पूर्वीच शिकवण्यासाठी कापून ठेवलेलं होतं, म्हणून म्युझियममधल्याच किंग टायगरचं इंजिन त्यात बसवलं. पण तोफेखालचा तो गोळ्याचा ओरखडा? तो तसाच ठेवलाय. रणगाडा चालतो आणि जखमही दिसते. दोन्ही जमतं, फक्त आधी ठरवावं लागतं.

गॅरेजवाल्यासाठी यातून एक साधा नियम निघतो. ज्या पार्टवर कोणाचा जीव अवलंबून आहे, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, टॉर्शन बार, तो जुना वापरायचाच नाही. नवा बनवा, त्यावर आपलं साल कोरा, आणि जुना शेजारी लेबल लावून ठेवा. फक्त शेल्फवर राहणारा पार्ट असेल तर त्यात नवं लोखंड घालायची गरज काय? आणि जे काही कराल ते पुन्हा उलटवता येईल असं करा. मेण निघतं, तेल निघतं, लांबी आणि वेल्डिंग निघत नाही. चिरलेल्या ओतीव लोखंडाला तर वेल्डिंगची घाई करूच नये. गार झाल्यावर शेजारी दुसरी चीर जाते. त्यापेक्षा मेटल स्टिचिंग, म्हणजे थंडपणे टाके घालणं, कितीतरी बरं. टाका दिसतो. दिसू दे की.

रंगाचंही तेच. जर्मन पार्टवरचा गंज हळूहळू पाण्याच्या पॉलिशपेपरने घासला तर खाली थर सापडतात. तळाला तांबडा प्रायमर, त्यावर गडद करडा, त्यावर पिवळसर मातकट. फेब्रुवारी 1943 पासून जर्मनांनी मूळ रंग करडा बदलून पिवळसर केला, म्हणून एका चौरस इंचावर त्या पार्टचा बायोडाटा निघतो. ठोकलेली तीन अक्षरं दिसली तर तो कारखान्याचा सांकेतिक शब्द. शत्रूला कारखाना कळू नये म्हणून नावाऐवजी अक्षरं. चाकावर रबर नसेल, नुसतं पोलाद असेल, तर तेही बोलतं. 1944 मध्ये टायगरच्या चाकांची बाहेरची रबरी धाव गेली आणि पोलादी धाव आली, कारण रबराची टंचाई होती. टी-34 चं ओतकाम बघा: जिथे बेअरिंग बसतं तिथे नीट मशीनिंग, बाकी सगळं खडबडीत. कोणाला घाई होती आणि कशाची, हे त्या खडबडीतपणावर लिहिलंय. तो खडबडीतपणा लांबी भरून गुळगुळीत करणारे महाभाग आहेत! त्यांनी रणगाडा सुधारला नाही, इतिहास खोटा केला.

या प्रकाराशी आपला काय संबंध, असं विचाराल तर थोडं आपल्या अंगणात बघा. काळ्या पाषाणातल्या हेमाडपंती देवळांना ऑइल पेंट फासणारे आपणच. जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लॅस्टर करून वर "जीर्णोद्धार" अशी पाटी लावणारेही आपणच. चौकात ठेवलेल्या जुन्या तोफेला दरवर्षी चंदेरी रंगाचा हात मिळतो. त्या रंगाच्या थरांखाली काय लिहिलंय हे कोणी पाहिलंय? वस्तू चकचकीत केली की तिचा मान राखला, अशी आपली समजूत आहे.

रणगाड्यांच्या बाबतीत तर आपल्याला हात लांब करायचीही गरज नाही. अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या नगरला, आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे आणि 1994 पासून तिथे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी रणगाडे, पॅटन, सगळे एका आवारात. मी नगरचाच असल्याने शाळेच्या सहलीपासून चार-पाच वेळा गेलोय. बहुतेक लोक काय करतात? तोफेच्या नळीखाली उभं राहून फोटो, मग बाहेर भेळ. माझी विनंती आहे, पुढच्या वेळी जाल तेव्हा प्रत्येक रणगाड्याभोवती एक फेरी मारा आणि चिलखतावर जखम, ठिगळ, वेल्डिंगची शिवण शोधा. ओतीव चिलखत कुठलं, प्लेट वेल्ड केलेलं कुठलं, रिव्हेट मारलेलं कुठलं ते ओळखा. एका फेरीत मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेसचं अर्धं युनिट होतं.

आणि नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये फामागुस्ता आहे. हे पूना हॉर्सच्या एका सेंच्युरियन रणगाड्याचं नाव. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते. पुण्यात जन्मलेले, वय 21. म्हणजे आपल्यातला बॅक लागलेला फायनल इयरवाला. रणगाड्याला आग लागली, वायरलेसवर बाहेर पडायचा हुकूम आला, आणि तोफ अजून चालतेय म्हणून ते थांबले. त्याच रणगाड्यात ते गेले; मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. रणगाडा पाकिस्तानच्या हाती पडला होता, पुढे तो परत आला आणि जपून ठेवला गेला. आता मला सांगा, अशा रणगाड्याचा एखादा वाकलेला पार्ट दुरुस्तीसाठी तुमच्या व्हाइसमध्ये आला, तर तुम्ही काय कराल? हातोडी उचलाल? मी तरी उचलणार नाही. गंज काढीन, तेल लावीन, आणि वाकलेला तसाच परत देईन. युरोपातल्या त्या शेतातून निघालेल्या प्रत्येक पार्टच्या मागेही असाच कोणीतरी विशीतला पोरगा होता, मग तो रशियन असो, इंग्रज असो की जर्मन. तो कोणत्या बाजूने लढला आणि ती बाजू किती वाईट होती हे इतिहासाने ठरवलंय, आणि ते विसरायचं कारण नाही. उलट ते लक्षात राहावं म्हणूनच लोखंड जसं आहे तसं हवं. काही रणगाड्यांत तर माणसं अजूनही आत सापडतात. तेव्हा ते भंगार राहत नाही, थडगं होतं. तिथे पाना खाली ठेवून संबंधित खात्याला कळवणं एवढंच काम.

एक इशारा, कारण वाचून कोणाच्या अंगात यायला नको! युद्धातल्या लोखंडाबरोबर जिवंत दारूगोळा निघतो आणि तो ऐंशी वर्षांनीही माणूस मारतो. आपल्याकडेही फायरिंग रेंजच्या आसपास भंगार वेचताना लोक दगावल्याच्या बातम्या येतात. असलं काही दिसलं तर हात लावायचा नाही, पोलिसांना सांगायचं. बाकी जुन्या मीटरच्या काट्यांवर चमकणारा रेडियमचा रंग, ब्रेक-क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस, जुन्या रंगात शिसं. हे कोरडं घासून फुफ्फुसात घेण्यात शौर्य नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या वर्कशॉपबद्दल. पहिल्या वर्षी आपण फिटिंगचा जॉब करतो. माइल्ड स्टीलच्या दोन चौकोनी पट्ट्या, एकीला खाच, दुसरीला जीभ, कानस मारून एकमेकींत बसवायच्या. सीनियरचा जॉब थोडा घासून, नवा रोल नंबर पंच करून सबमिट होतो हे सगळ्या होस्टेलला माहीत आहे आणि वर्कशॉपच्या सरांनाही. (सर, राग मानू नका, तुमचं हसू आम्ही पाहिलंय.) तो जॉब कॉपी होतो, कारण सगळ्यांचा सारखाच असतो. मोडका पार्ट मात्र कधी दोघांचा सारखा नसतो. दात उडालेला गिअर, चिरलेलं पंपाचं बॉडी, घासून अंडाकृती झालेलं बूश. आपल्या वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असलं पुष्कळ पडलंय आणि दर काही वर्षांनी किलोच्या भावाने जातं.

माझी सूचना एवढीच. ते जाण्याआधी प्रत्येक बॅचला त्यातला एकेक पार्ट द्या. एक सेमिस्टर. गंज काढा, कशामुळे मोडला ते शोधा, कुठला धातू ते ठरवा, दुरुस्त करता येईल तर दिसेल अशी दुरुस्ती करा, नसेल तर का नाही ते दोन पानांत लिहा. व्हायवाला तोच पार्ट टेबलावर. पाहू दे कोणाची फाइल कोण उतरवतो ते! खर्च म्हणाल तर धुण्याचा सोडा आणि एक चार्जर. सरांना जास्तीचं काम होईल हे खरं, पण चाळीस एकसारख्या पट्ट्यांवर सह्या करण्यापेक्षा ते नक्कीच कमी कंटाळवाणं असेल.

नवीन वस्तू बनवणारे इंजिनिअर या देशात दरवर्षी लाखांनी बाहेर पडतात, असं निदान डिग्रीवर तरी लिहिलेलं असतं. मोडलेल्या वस्तूसमोर बसून, घाई न करता, तिला "काय झालं होतं तुला?" असं विचारणारे किती? परगावच्या कुठल्यातरी गॅरेजमध्ये, रणगाड्याच्या एका कडीसमोर बसलेला तो वेडा हेच करतोय. त्याची कडी आपल्याला मिळणार नाही, पण शेडची किल्ली वर्कशॉपच्या ऑफिसात टांगलेली आहे. भंगारवाल्याचा टेंपो यायच्या आत कोणीतरी ती मागून घ्यावी. माझं नाव त्या यादीत पहिलं लिहा.